लागू नाही



मागच्या रविवारी मिस्सा झाल्यावर एका ताईंनी मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. “मास्तर, तुमच्या गाडीच्या क्लेमचं काय झालं वो? आमचं पोरगं पण पडलंय गाडीवरून. कागद काय काय लागतात सांगा की.” मी सांगितलं. आरसी, पॉलिसी, गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स, गॅरेजचं एस्टिमेट, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स. कंपनीला लगेच कळवा आणि त्यांचा माणूस गाडी बघून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. ताई समाधानानं गेल्या. मी मात्र घरी पोहोचेपर्यंत अस्वस्थ होतो. त्यांनी विचारलं होतं क्लेमचं काय झालं, आणि नेमकं तेच मी सांगितलं नव्हतं.

ते आज इथं सांगतो. यात ज्यांचा ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना विचारूनच लिहितो आहे.

जुलैतली गोष्ट. बेळगावचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे. तीन-तीन दिवस उन्हाचं नाव नाही, कपडे वाळत नाहीत आणि खानापूर रोडच्या कडेला लाल चिखल. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या कम्युनियनच्या मुलांची चाचणी ठेवली होती आणि प्रश्नपत्रिका टिळकवाडीतल्या झेरॉक्सवाल्याकडे पडून होत्या. मी हजेरीच्या वह्या पुऱ्या करत बसलो होतो. उठायचा कंटाळा आला. भाच्याला म्हटलं, “जा रे, गाडी घेऊन जा आणि तेवढे कागद आण.”

भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण खानापूर तालुक्यातल्या गावी असते, भावजी चार वर्षांपूर्वी वारले, आणि पोरगा कॉलेजसाठी मच्छ्याला आमच्याकडे राहतो. एप्रिलमध्ये त्याला अठरावं पूर्ण झालं आणि मे महिन्यात मीच त्याला शिकाऊ परवाना काढून दिला. गाडी माझी, सहा वर्षांची स्प्लेंडर. तो संध्याकाळी माझ्याबरोबर मैदानात शिकायचा. एकट्यानं रस्त्यावर नेण्याची ती पहिली वेळ नव्हती, हेही सांगून टाकतो. आधी दोनदा मीच पाठवलं होतं.

साडेपाचच्या सुमाराला फोन आला. “मामा, पिरनवाडी नाक्याजवळ पडलोय. मला काही नाही.” आवाज रडवेला होता.

शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो. समोर कुत्रं आलं म्हणून पोरानं ब्रेक दाबला, ओल्या रस्त्यावर गाडी घसरली आणि पुढं चाललेल्या एका गवळ्याच्या सायकलीवर जाऊन आदळली. पोराची हनुवटी फुटली होती, कोपर सोलवटलं होतं. गाडीचा हेडलाइट फुटला, हँडल वाकलं, पुढचा मडगार्ड चिरला, लेगगार्ड आत घुसला. गवळी एका बंद दुकानाच्या पायरीवर उजवं मनगट डाव्या हातात धरून बसला होता. साठीच्या पुढचा माणूस, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. एक डबा सायकलीला तसाच होता, दुसरा आडवा पडला होता आणि त्यातलं दूध गटारीच्या लाल पाण्यातून पांढरी रेघ धरून वाहत होतं.

मी पोराला पोटाशी धरलं. मग गाडीचे फोटो काढले, चारही बाजूंनी, कारण क्लेमसाठी फोटो लागतात एवढं मला माहीत होतं. मग गवळ्याकडे गेलो. “मामा, जास्त लागलं नाही न्हवं?” तो म्हणाला, “मुरगाळलंय जरा.” मी पाचशेची नोट त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं ती बघितली आणि खिशात ठेवली. बोलला काही नाही. माझ्या मनात आलं, बरं झालं, भला माणूस आहे, वाढवलं नाही. त्याचं नाव मी विचारलं नाही, गावही विचारलं नाही.

रात्री पोराच्या हनुवटीला तीन टाके पडले. चाचणी दुसऱ्या दिवशी झालीच नाही.

सोमवारी मिस्त्रीनं एस्टिमेट दिलं, 7,200 रुपये. धर्मशिक्षकाला महिन्याला काय मिळतं हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्याच धर्मग्रामातले एक गृहस्थ विम्याचं काम बघतात. अर्ध्या पॅरिशच्या गाड्यांच्या आणि आजारपणाच्या पॉलिस्या त्यांच्याकडे आहेत, आणि दवाखान्याचं बिल अडकलं की रात्री दहा वाजताही फोन उचलणारा हा माणूस आहे. ते स्वतः घरी आले. चहा घेता घेता त्यांनी सगळा हिशेब मांडला. हा भाग उपयोगाचा आहे म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

विमा आहे म्हणजे सगळी रक्कम मिळते असं नाही. गाडी जितकी जुनी तितकी घसाऱ्याची कपात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 40 टक्के कापतात, प्लास्टिक आणि रबरावर गाडी कितीही वर्षांची असो 50 टक्के. मजुरी पूर्ण धरतात. माझ्या एस्टिमेटमध्ये धातूचे भाग 3,200 चे होते, त्याचे 1,920 मिळणार. प्लास्टिक 2,600 चं, त्याचे 1,300. मजुरी 1,400. झाले 4,620. त्यातले 100 रुपये दुचाकीला सक्तीनं स्वतः सोसावे लागतात. हातात 4,520. क्लेम घेतला की पाच वर्षांत जमलेला 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस शून्यावर येतो, पण माझ्या जुन्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ताच इतका लहान, की पुढच्या सगळ्या वर्षांचा तोटा धरला तरी सहा-सातशेच्या वर जात नव्हता. क्लेम घेण्यात फायदा होता. नवी महागडी गाडी असेल आणि मोडलाय फक्त इंडिकेटर, तर मात्र आधी हा हिशेब करून बघावा.

“फक्त एक अडचण हाय,” ते म्हणाले. “गाडी कोण चालवत होतं?”

शिकाऊ परवान्यावर गाडी चालवता येते, विमाही त्याला मान्यता देतो. पण 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळलेला असावा लागतो. म्हणजे पक्कं लायसन्स असलेला शिकवणारा बरोबर हवा आणि गाडीवर लाल अक्षरात ‘एल’ हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

“तुमचं नाव घालू या,” ते म्हणाले. “तुमचं लायसन्स पक्कं हाय. आणि ते गवळ्याचं काय काढायचंच नाही. तिसऱ्या माणसाला इजा म्हटलं की पोलीस आलं, पंचनामा आला. तुम्ही त्याला पैसे दिलाय न्हवं? मिटलं की मग. पोरगं बिनबापाचं हाय वो मास्तर. उगाच त्याच्या नावावर केस कशाला?”

शेवटच्या वाक्यानं माझं मन वळलं. वळायला तयारच बसलं होतं म्हणा.

फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरला. माझं अक्षर चांगलं आहे, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत माझ्याकडून लिहून घेतात. ‘अपघातसमयी वाहन चालविणारी व्यक्ती’ या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग पुढचा रकाना आला, तिसऱ्या व्यक्तीस इजा अथवा तिच्या मालमत्तेचे नुकसान झाले असल्यास तपशील. तिथं पेन थोडं थांबलं. ‘नाही’ लिहायला हात होईना, म्हणून ‘लागू नाही’ लिहिलं. ‘नाही’ म्हणजे खोटं, आणि ‘लागू नाही’ म्हणजे आपलं काहीतरी मधलं, असं त्या क्षणी मला खरोखर वाटलं. कला शाखेचा पदवीधर आहे मी; शब्दांच्या आडोशाला उभं राहणं चांगलं जमतं.

फोटोंपैकी एकात कोपऱ्यात सायकलीचं चाक आणि ते दूध दिसत होतं. तो फोटो वगळला.

बुधवारी कंपनीकडून सर्व्हेअर गॅरेजमध्ये आले. शांत माणूस, छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली, गाडीभोवती दोनदा फिरले, खाली बसून फोर्क बघितला, फोटो घेतले. मग माझ्याकडे वळून अगदी सहज विचारलं, “तुम्हाला कुठं लागलं?”

मी उभा होतो तसाच. ओरखडासुद्धा नाही. माझ्या शेजारी भाचा उभा, हनुवटीला पट्टी, कोपराला पट्टी.

मी काही बोलायच्या आत तोच बोलला. “मामा चालवत होते, मी मागं बसलो होतो. मी उडून पडलो म्हणून मला लागलं, मामांनी हँडल धरून ठेवलं होतं.” चेहऱ्यावर काही नाही, आवाजात कंप नाही. कुत्र्याचं वर्णनसुद्धा त्यानं केलं, काळं होतं आणि एक कान मोडलेला. ते कुत्रं त्याला दिसलं होतंच. फक्त गाडीवरची जागा बदलली.

मी त्याला असं बोलायला सांगितलं नव्हतं. घरात बसून मी फॉर्म भरताना त्यानं बघितलं होतं, तेवढं पुरलं.

त्या रात्री पोरगं पोटभर जेवलं, उसळ दोनदा मागून घेतली आणि झोपलं. मला झोप आली नाही. बायकोला सांगितलं, गॅरेजमध्ये असं असं झालं. ती अंधारात म्हणाली, “अहो, मग चांगलंच झालं की. तुमच्यापेक्षा चांगलं खोटं बोलला. शिकला म्हणायचं.” एवढं बोलून ती कुशीवर वळली.

दर वर्षी पावसाळ्यात मी मुलांना दहा आज्ञा शिकवतो. आठव्या आज्ञेला, म्हणजे खोट्या साक्षीच्या आज्ञेला, पोहोचलो की नेहमीचं उदाहरण देतो, गृहपाठ केला नाही आणि वही हरवली म्हणून सांगितलं ते. मुलं हसतात. खोटं म्हणजे लहान मुलांची गोष्ट, असंच त्या उदाहरणातून मीही समजत आलो असणार. आता माझ्याच घरात एक मुलगा साक्ष देऊन झोपला होता, आणि ती साक्ष माझ्यासाठी होती. कारण त्या रात्री हळूहळू माझ्या लक्षात आलं, की फॉर्मवर माझं नाव लिहून मी पोराला वाचवलं असं मानत होतो, पण वाचलो होतो मीच. शिकाऊ पोराला एकट्यानं गाडी देणारा मालकही कायद्यानं दोषी असतो. बहिणीला ‘पोरगा पडला’ एवढंच कळवलं होतं, ‘मी पाठवला होता’ हे कळवलं नव्हतं. प्रश्नपत्रिका आणायला उठायचा कंटाळा मला आला होता. बिनबापाचं पोरगं हे कारण मी पुढं केलं आणि त्याच्या मागं स्वतः लपलो.

शनिवारी पापनिवेदनाला गेलो. आपल्या पापनिवेदनातलं आपण सांगू शकतो, फादर सांगू शकत नाहीत, म्हणून सांगतो. मी सगळं बोललो. फादरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “फॉर्म आता कुठं आहे?” मी म्हटलं, कंपनीत. “मग तो अजून खोटंच बोलतोय न्हवं, मास्तर? तुम्ही इथं गप्प झालात, तो तिथं बोलतोय.” प्रायश्चित्त काय दिलं ते माझ्यापाशी ठेवतो.

सोमवारी कंपनीच्या शाखेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, “मंजुरीला गेलाय तुमचा क्लेम, आठ दिवसांत पैसे येतील.” मी म्हटलं, मागे घ्यायचाय. त्यांनी आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांना मी कारण सांगायला लागलो तसा त्यांनी हात वर केला. “वैयक्तिक कारणास्तव मागे घेतो असं लिहा, पुरे आहे. बाकी काही लिहू नका. आम्हाला नको आणि तुम्हालाही नको.” त्या माणसानं माझ्यावर दयाच केली, यात शंका नाही. मी कोरा कागद घेऊन बाकावर बसलो आणि ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहिलंही. लिहून झाल्यावर ते शब्द ओळखीचे वाटले. ‘लागू नाही’चे सख्खे भाऊ. तो कागद घडी करून खिशात टाकला, दुसरा मागून घेतला, आणि चार ओळींत लिहिलं, की वाहन माझा भाचा शिकाऊ परवान्यावर एकटा चालवत होता, त्याला मी पाठवले होते, एका सायकलस्वारास इजा झाली व त्याच्या मालाचे नुकसान झाले, आणि या दोन रकान्यांतील माझी माहिती खरी नव्हती, म्हणून क्लेम मागे घेत आहे.

साहेबांनी वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शिक्का मारून पोच दिली. तिथून पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. क्लेम बंद झाला. बहिणीला फोन करून मी कोणी पाठवलं होतं ते सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग तिनंच मला जेवलास का म्हणून विचारलं. मिस्त्रीला म्हटलं नवं हँडल नको, वाकलेलं सरळ कर, लेगगार्ड ठोकून बसव. 5,100 वर आणलं त्यानं, दोन हप्त्यांत दिले.

पण एक गोष्ट थोडक्यात सांगून चालणार नाही. आपले ते विम्याचं काम बघणारे गृहस्थ. त्यांना आधी न विचारता, न कळवता मी ते पत्र दिलं होतं. शाखेत त्यांचं नाव खराब झालं; त्यांच्यामार्फत आलेला फॉर्म खोटा निघाला. पुढचे चार रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत. चर्चच्या दारात समोर आले की दुसरीकडे बघायचे. मला आधी राग आला, खरं वागलो तर ही शिक्षा का म्हणून. मग उमगलं, माझा खरेपणा मी त्यांच्या खर्चानं केला होता. आदल्या रात्री त्यांच्या घरी जाऊन ‘मी उद्या असं करणार आहे’ एवढं सांगायला काय हरकत होती? ते मला अडवतील याची भीती होती, हे खरं उत्तर. पाचव्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, चुकलो. ते म्हणाले, “पत्राचं नाही वो मास्तर. मला दुसऱ्याकडून कळलं, त्याचं वाईट वाटलं.” आता बोलतात. पहिल्यासारखं व्हायला अजून थोडा वेळ लागेल.

या सगळ्या गडबडीत गवळी राहूनच गेला होता.

त्याची आठवण भाच्यानं करून दिली. त्याला मी बसवून सगळं सांगितलं, की दोष माझा होता, तुला मी पाठवलं, आणि तू गॅरेजमध्ये जे बोललास ते माझं बघून बोललास. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, “मामा, पण त्या आजोबांचं दूध किती सांडलं होतं?” मला सांगता येईना. गाडीचे सगळे भाग आणि त्यांच्या किमती मला तोंडपाठ झाल्या होत्या; दूध किती ते ठाऊक नव्हतं.

पॉलिसीचा कागद त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट वाचला. आपण भरतो त्या पैशाचे दोन भाग असतात. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग ऐच्छिक असतो, घेतला तर घेतला. दुसरा भाग सक्तीचा, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 146 व्या कलमानं. तो भाग आपल्यासाठी नाहीच. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचं जे होईल त्यासाठी आहे. माझ्या गाडीच्या मापाला, म्हणजे 75 च्या वर आणि 150 सीसीपर्यंत, त्याचा वर्षाचा दर 2022 मध्ये 714 रुपये ठरला होता, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याला आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो आणि पोलिसांना दाखवायचा कागद समजतो. तू तुझं सांभाळ किंवा नको सांभाळू, पण शेजाऱ्याचं सांभाळल्याशिवाय रस्त्यावर येऊ नकोस, असं देशाचा कायदा सांगतो, आणि दहा वर्षं शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा पाठ शिकवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. अर्थात थोड्या लिटर दुधासाठी अपघात न्यायाधिकरणात कोण जाणार? तिथं माणूस मोठ्या दुःखानंच जातो. लहान नुकसान ज्याचं त्यानं त्याच्या दारात जाऊन भरून द्यायचं असतं.

लूकच्या दहाव्या अध्यायातला तो शोमरोनी मी वर्गात किती वेळा शिकवला असेन. तेल, द्राक्षारस, पट्टी, जनावरावर बसवणं, हे सगळं मुलांकडून नाटक करून घेतो. खानावळवाल्याला दोन दिनार देतो तिथं नाटक संपवतो, कारण टाळ्या तिथं पडतात. त्याचं पुढचं बोलणं मी नेहमी घाईत उरकतो, की याहून खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. त्यानं पैसे दिले ते परत येण्यासाठी. मी पाचशे दिले ते परत यायला लागू नये म्हणून. नाव न विचारण्याचं कारणही तेच.

मग आम्ही दोघं त्याला शोधायला निघालो. गाडी मी चालवत होतो, भाचा मागं. पिरनवाडी नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, इथनं रोज पंधरा गवळी जातात, कुठला सांगू? प्लास्टिकची खोळ घालतो म्हटलं तर हसला. पावसाळ्यात सगळेच घालतात. दोन दिवस संध्याकाळी उभे राहिलो, मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेलो. काळोखातून एकेक सायकल, एकेक मोटारसायकल डबे वाजवत येत होती. भाच्यानंच ओळखलं. “मामा, तो बघा, एकच डबा हाय सायकलीला.”

थांबवलं. पोराला बघून म्हातारा आधी दचकला, मग त्याच्या हनुवटीकडे बोट करून म्हणाला, “भरली का रं जखम? लई रगत आलं हुतं त्या दिशी.”

मी मध्येच पैशांचं काढलं. त्यानं सायकल झाडाला टेकवली आणि काही आढेवेढे न घेता हिशेब सांगायला लागला, जसा काही महिनाभर मनात तयारच होता. अठरा लिटर दूध, साठ रुपयानं 1,080. सायकलीची रिम आणि तारा, 350. डॉक्टरला दीडशे. डबा नवा सहाशेला मिळतो. इथं तो थांबला. “पण माझा डबा जुना हुता, चार-पाच वर्सं झाली हुती. त्याचं निम्मंच धरा.”

मी भाच्याकडे बघितलं. त्याला घसाऱ्याचा सगळा हिशेब माहीत होता, चहाच्या वेळी तिथंच बसला होता. तो चटकन दुसरीकडे बघायला लागला.

“म्हंजे किती झालं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“अठराशे ऐंशी,” भाचा म्हणाला.

“त्यातलं पाचशे पावलं. राहिलं किती?”

“तेराशे ऐंशी.”

“आणि हाताचं, मामा?” मी विचारलं. “दूध काढायला किती दिवस आलं नाही?”

“पंधरा-वीस दीस. सुनंनं काढलं. त्याचं काय धरायचं, घरचंच माणूस.”

मी पंधराशे पुढं केले. म्हटलं, असू द्या सगळे. त्यानं मोजले, बंडीच्या आतल्या खिशातून एक पिशवी काढली, तिच्यातून शंभराची एक आणि दहाच्या दोन नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या. मी नको म्हणत होतो तरी ठेवल्या. मग त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं. त्यानं सांगितलं, आणि आमचंही विचारलं.

उजाडायला लागलं होतं. त्याला उशीर होत होता. सायकल सरळ करताना त्यानं उजवा हात डब्याखाली घातला आणि चेहरा कसनुसा करून काढून घेतला. भाचा पुढं झाला, त्यानं डबा दोन्ही हातांनी उचलून नीट बसवला आणि दोरी आवळली.

“आणिक एक गाठ मार,” म्हातारा म्हणाला. “म्होरं खड्डं हाईत.”